शेवटची ओळ होईपर्यंत

२७ नोव्हेंबर

पूर्वी नावाच्या माझ्या विद्यार्थिनीचा हात मोडला. भूकंपाच्या धक्क्याने नाही, दारात.

मी सातवीचा मराठीचा तास घेत होते. आधी आवाज आला. लांब खदाणीत सुरुंग उडावा तसा, पण पायांखालून. मग पेट्या वाजल्या. आमच्या आश्रमशाळेत मुलींचा एकच मोठा हॉल आहे. दिवसा तिथे सगळे वर्ग भरतात, रात्री तिथेच अंथरुणं पडतात, आणि मागच्या भिंतीला लागून सगळ्यांच्या पत्र्याच्या पेट्या असतात. पेट्या वाजल्या की मुलींना कळतं. हॉलभर मुली एका दारातून एकदम निघाल्या. धक्का थांबला तरी त्या दारात एकमेकींना चेंगरतच होत्या.

मीही पळाले. दाराजवळ मीच होते, म्हणून आधी मीच बाहेर. अंगणात उभी राहून मागे पाहिलं तेव्हा पूर्वी उंबऱ्यावर पडलेली होती आणि कोणी थांबत नव्हतं.

संध्याकाळी अमृत सरांनी बोलावलं. ते आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. म्हणाले, "पुन्हा कोणाचा हात मोडला तर पालक मुली घेऊन जातील. मुली गेल्या की तुकडी जाते. तुकडी गेली की पहिल्या कोण जातात, तासिकावाल्या बाई. मी कोणाचं नाव घेत नाही."

तासाच्या हिशेबाने पगार घेणारी तासिकावाली बाई शाळेत एकच आहे, मी. आमच्या घरातली पहिली बी.ए.

१ डिसेंबर

धक्के रोज आहेत. कधी भांड्यातलं पाणी हलतं, कधी नुसता आवाज.

आज तालुक्याहून प्रशिक्षक आले. "धक्का बसला की बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं."

चिमीने हात वर केला. "सर, बाक कुठाय?"

आमच्याकडे सतरंज्या आहेत. प्रशिक्षकांनी इकडे तिकडे पाहिलं. "मग टेबलाखाली."

"टेबल बाईंचं हाय. बाई, तुमी निघा, आमी बसतो."

सगळ्या हसल्या. प्रशिक्षकही हसले. मग म्हणाले, मोकळ्या जागेत जा, पण रांगेत, न ढकलता. जाताना गाडीत बसून काच खाली करून म्हणाले, "मुख्य म्हणजे घाबरायचं नाही."

गाडी गेल्यावर सर माझ्याकडे वळले. "ऐकलंत ना मुख्य काय ते?"

५ डिसेंबर

आज दुपारी एक गोष्ट घडली, ती नीट लिहून ठेवते.

कॉलेजात असताना डहाणूला जिग्नेशने आम्हा काही जणांना हायकूचं वेड लावलं होतं. पाच अक्षरं, सात अक्षरं, पाच अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं. जे समोर आहे तेवढंच सांगायचं. नोकरी लागल्यापासून एकही लिहिला नव्हता. आज जेवण झाल्यावर सहज एक जुळवत बसले होते आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. मधल्या ओळीवर असताना धक्का आला, चांगला मोठा. बाहेर स्वयंपाकघरात कढई पडली. मी मात्र सातवं अक्षर शोधत होते. ओळ जुळली आणि मग लक्षात आलं की धक्का येऊन गेला आणि मला भीती वाटलीच नाही.

मी पळाले नाही. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा.

भीतीला मोकळं डोकं लागतं. डोकं अक्षरं मोजत असेल तर ती शिरणार कुठून?

७ डिसेंबर

मुलींना शिकवलं. दोन तास लागले, पण पेरं मोजणं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. नियम फळ्यावर लिहिले. धक्का आला की आहे तिथे बसायचं. डोळे उघडे ठेवायचे. जे दिसेल ते, खोटं नाही. आणि शेवटची ओळ होईपर्यंत उठायचं नाही.

शेवटचा नियम माझा स्वतःचा आहे. धक्का थांबल्यावरच तर चेंगराचेंगरी होते.

चिमीने तिथल्या तिथे पहिला हायकू केला.

भात शिजला
धक्क्याने सांडलाच
वरण आहे

मी म्हटलं, छान, पण 'च' भरतीचा आहे. ती म्हणाली, "बाई, भात पण भरतीचाच असतो."

१२ डिसेंबर

बसल्या. सगळ्या बसल्या.

सकाळी परिपाठ संपून आत आलो आणि आवाज आला. एक मुलगी दाराकडे वळली तर शेजारणीने परकर धरून तिला खाली ओढलं. मग हॉलभर शांतता, नुसते अंगठे हलत होते. पेट्या वाजत होत्या, वरून जरा माती पडली आणि कोणी रडलं नाही. मला भरून आलं.

नंतर एकेकीला म्हणायला लावलं. बारकी कधी बोलत नाही. नदीपलीकडच्या पाड्यातली, सहावीतली, मागच्या भिंतीला टेकून बसते, तिची पेटीही तिथेच. तिला तीनदा विचारावं लागलं.

भिंतीची भेग
मुंग्यांची रांग आत
साखर नाही

बाकीच्यांना कळला नाही. मला वाटतं आमच्यात खरी कवयित्री तीच आहे. भेगेकडे सगळेच बघतात, साखर नाही हे तिलाच दिसलं.

१६ डिसेंबर, घरी

आईबाबा नवीन घरात राहत नाहीत. घरकुल मंजूर व्हावं म्हणून मी पंचायतीत किती खेपा घातल्या. विटांच्या भिंती, स्लॅब, लोखंडी दार. आणि ही दोघं जुन्या कारवीच्या खोपटात शेळ्यांशेजारी झोपतात, नवीन घरात भाताची पोती ठेवली आहेत.

मी म्हटलं, "पक्कं घर सोडून काट्याकुट्यांच्या भिंतीत काय राहता? लोक काय म्हणतील?"

बाबा म्हणाले, "लोक पण खोपटातच हायत."

मी त्यांना हायकूचं सांगितलं. भीती मनात असते, मन गुंतवलं की जाते. आईने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. "आणि भिंत?"

"भिंतीचं काय?"

"तुझं मन गुंतलं. भिंतीचं कशात गुंतवलंस?"

"आई, मी शिकवते तिथे हे सिद्ध झालंय."

"बरं. भिंत तुझी बी.ए. बघून उभी राहणार असंल तर चांगलंच हाय." आणि भाकरी उलटली.

मी हट्टाने नवीन घरात झोपले. पोत्यांना उंदीर होते म्हणून झोप नीट लागली नाही.

३ जानेवारी

मोठ्या साहेबांची भेट ठरली आहे. सर म्हणाले हॉल जरा नीट दिसू दे, मागची भिंत फार वाईट दिसते. गिलावा निघालाय तिथे. मला कल्पना सुचली. मुलींचे हायकू रंगीत कार्डशीटवर लिहून घेतले आणि त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत लावले. बाजूला धाग्यांची नक्षी. भेग आता दिसतही नाही. वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'आम्ही घाबरत नाही.'

सर बघायला आले. म्हणाले, "मॅडम, तुमच्या कायम ऑर्डरचं मी वर बोलतो."

७ जानेवारी

आज हसावं की काय करावं कळेना.

साहेब आले, बरोबर चार माणसं. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, नारळ, हार. साहेबांचं भाषण चालू होतं, "या भागातल्या जनतेने धीर सोडता कामा नये," आणि आवाज आला. पेट्या खडखडल्या. पाचही जण दारातून बाहेर. सरसुद्धा. मुली जागच्या जागी. सत्काराचा नारळ गडगडत चिमीपाशी गेला, तिने तो मांडीत धरला आणि दुसऱ्या हाताने मोजत राहिली.

साहेब परत आले तेव्हा घाम पुसत होते. चिमी उभी राहिली.

साहेब गेले
चप्पल राहिली ना
दारात उभी

सरांचा चेहरा पांढरा पडला. पण साहेब मोठ्याने हसले, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, "आम्ही पळालो आणि लेकरं बसून राहिली. हे सगळ्या शाळांत व्हायला पाहिजे." फोटो काढले. मुली पुढे, मागे कार्डशीटची भिंत.

ते गेल्यावर बारकीने तिचा म्हणून दाखवला, मी विचारलं नसताना.

पाल निघाली
शेपटीसकट ती
भिंतीत गेली

मुंगीपासून पालीपर्यंत. निरीक्षण वाढतंय तिचं.

१५ जानेवारी

त्या भिंतीवरचे कागद आपोआप हलतात. खिडक्या बंद असल्या तरी. मुली म्हणतात हायकू श्वास घेतात. मी हे कुठेतरी वापरणार आहे.

१९ जानेवारी

बारकीशी आज वाद झाला. वाद म्हणजे, जास्त मीच बोलले.

तिने लिहिलं होतं: काल बोट जायचं, आज मूठ जाते, मुठीला ऊब लागते. अक्षरं कुठच्या कुठे. मी तिला समजावलं की हायकूत 'काल' आणि 'आज' असा हिशेब नसतो. हायकू फक्त आत्ताचा. कालचं बोट काढून टाक, आजची मूठ ठेव. बसून दोघींनी जुळवला.

माझी ही मूठ
भिंतीच्या पोटामध्ये
ऊब लागते

किती सुंदर झाला. भिंतीचं पोट हा शब्द मी दिला, आईच्या पोटासारखा. बारकी कागदाकडे बघत म्हणाली, "बाई, पण कालचं बोट गेलं यातून."

"गेलं तर गेलं. त्यानेच तो हलका झाला."

 जाताना तिने कार्डशीटचा कोपरा उचलून आत पाहिलं आणि परत नीट चिकटवला.

२७ जानेवारी

जिग्नेशचा फोन आला होता. डहाणूच्या वाचनालयात आज हायकूचा कार्यक्रम होता. मी मुलींचे हायकू घेऊन गेले. हे सगळं टमटममध्ये बसून लिहिते आहे. चारोटीच्या फाट्यावर गाडी भरेपर्यंत ड्रायव्हर हलत नाही. अक्षर वाकडं येतंय.

चिमीच्या चपलेला खूप हशा मिळाला. मुठीच्या हायकूला लोक "वा" म्हणाले. शेवटी मी बारकीचा परवाचा वाचला.

भिंतीमधून
दिसला चिंचेवर
पांढरा पक्षी

टाळ्या. जिग्नेश उठून म्हणाला, पाहा, बंद भिंतीतून आकाशातला पक्षी पाहणारी ही बालप्रतिभा. मला किती बरं वाटलं.

मग पुढच्या रांगेतल्या भाविनीबेन बोलल्या. त्यांची चिकूची वाडी आहे, वाचनालयाला त्या देणगी देतात, दर कार्यक्रमाला येतात. "बेटा, मुलगी आत बसली होती की बाहेर?"

"आत. आमचा नियमच आहे, धक्का आला की आत बसायचं."

"खिडकीतून दिसला असेल ना."

"नाही, खिडक्या दुसऱ्या बाजूला आहेत. चिंच मागच्या भिंतीच्या..."

"मग दिसला कुठून?"

जिग्नेश म्हणाला, "बेन, कल्पना आहे ती."

मी म्हटलं, "कल्पना चालत नाही. जे दिसेल ते, खोटं नाही, हाही नियम आहे." आणि हे बोलत असतानाच सगळं एका ओळीत लागलं. मुंगी. पाल. बोट. मूठ. ऊब उन्हाची होती. आणि ते हलणारे कागद.

मी पर्स तिथेच विसरले. जिग्नेश धावत स्टॉपवर घेऊन आला.

ड्रायव्हरला म्हटलं, उरलेल्या सीटचे पैसे मी देते, निघ. तो म्हणाला, "काय झालं बाई, घरी कोणी आजारी?"

२८ जानेवारी

सगळ्या सुखरूप आहेत. हे आधी लिहिते.

काल पोचले तेव्हा दिवस मावळत होता. मुलींची जेवणं चालली होती, हॉलमध्येच. मी सरळ मागच्या भिंतीपाशी गेले आणि 'आम्ही घाबरत नाही' खालचा कागद खेचला. भिंतीतून चिंच दिसली. संपूर्ण फांदी.

सर म्हणाले सोमवारी इंजिनिअरला बोलावू, आत्ता थंडीत मुलींना कुठे नेणार. मी ऐकलं नाही. ताटं घेऊन बाहेर चला, म्हटलं. मुली उठल्या, रांग केली, न ढकलता. निम्म्या बाहेर पडल्या होत्या.

आणि आवाज आला.

उरलेल्या सगळ्या खाली बसल्या. ज्या दारात होत्या त्या दारात बसल्या, उंबऱ्यावर, ताटं मांडीत. दार बंद झालं माणसांनी. मागच्यांना निघायला जागाच नाही, आणि निघायचं कोणाला होतं? अंगठे हलत होते. मी ओरडले, "उठा, पळा." एकीने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मोजणं चुकतं ना, बोललं की.

मी ओढलं. वेणी, हात, जे मिळेल ते. पूर्वीचा नुकता जुळलेला हात धरून ओढलं, ती किंचाळली. सर दुसऱ्या बाजूने ओढत होते आणि रडत होते. सगळ्यांत शेवटी बारकी, भिंतीपाशी. मी तिला उचललं. तिचा अंगठा माझ्या खांद्यावर चालूच होता.

भिंत तेव्हा पडली नाही. आज सकाळी पडली, धक्का नसताना, मुली मैदानात दात घासत असताना. पेट्या चपट्या झाल्या. कार्डशीट ढिगाऱ्यावर फडफडत राहिले.

लोक जमले. सर सगळ्यांना सांगत होते, मॅडमनी वाचवलं. पालक येऊन माझ्या पाया पडायला लागले. संध्याकाळपर्यंत शाळेला बेमुदत सुट्टी मिळाली. प्रत्येकजण आपली मुलगी घेऊन गेला. बारकीचा बाप उंबरगावच्या कंपनीतून रात्रपाळी करून तसाच आला होता. तिला पुढे चालायला लावून नदीकडे निघाला.

मला वाटलं संपलं.

३० जानेवारी

सकाळी खोपटाबाहेर भांडी घासत होते. लहानसा धक्का आला. बाबा सहज उठून मोकळ्यावर गेले, आई गेली. मी भांड्यांशीच बसून होते. आईने हाक मारली तेव्हा मला दिसलं की मी पाचव्या अक्षरावर आहे.

मुली घरी गेल्या आहेत. वेगवेगळ्या पाड्यांवर, जिथे वाटेत नदी, डोंगर, आणि फोन लागत नाही. बऱ्याच जणींची घरं आमच्या नवीन घरासारखी, विटांची. आणि मी त्यांना सांगितलं नाही. ओरडले, ओढलं, पण सांगितलं नाही की ते शिकवलेलं विसरा.

आईने भांडी माझ्या हातातून घेतली. टोमणा मारला नाही. म्हणाली, "जवळची घरं आधी कर. भाकरी बांधून देते."

२ फेब्रुवारी

परवापासून फिरते आहे. चिमीकडे काळजी नव्हती. ती म्हणाली, "बाई, मी कधीच बसले नाय. तुमची नजर वळली की दाराबाहेर. साहेबांपुढं बसले, कारण मांडीत नारळ होता." तिला मी जवळजवळ मिठी मारली. हात मोडलेली पूर्वी मात्र घरीही बसते. तिच्या आईला बजावून आले. दोन घरांना कुलूप होतं, माणसं वीटभट्टीवर गेलेली.

आज बारकीचा पाडा. नदीत पाणी गुडघ्याएवढं होतं. चढणीवर असताना आवाज आला, आणि या वेळी तो थांबेना. पळसावरचे कावळे उठले. मी धावले.

पाड्यातली सगळी माणसं अंगणात होती. बारकीची आई, म्हातारे, कोंबड्या. घरकुल नवंकोरं, दारावर अजून घरभरणीचं तोरण होतं तसं. दार उघडं. आत भिंतीला टेकून बारकी बसलेली. तिच्याशेजारी पाड्यातली पोरं ओळीने, आणि शेवटी तिची धाकटी बहीण जिवली, जिला अजून नीट बोलताही येत नाही. सगळ्यांचे अंगठे पेरांवर.

"बारके, बाहेर ये."

तिने माझ्याकडे पाहून मोकळा हात वर केला. थांबा. शेवटची ओळ राहिली होती.

मी आत शिरून त्यांना ढकलत बाहेर काढलं. घर उभं राहिलं, या वेळी. दाराच्या चौकटीवरून बोटभर चीर वर गेली आहे. बारकीची आई हसत पुढे आली. "बाई, तुमी शिकवलं तवापासून पोरं भीत नायत. आजूबाजूची पण येतात हिच्याकडं बसायला. आमी मोठी माणसंच भित्री."

मी सगळ्यांना अंगणात बसवलं आणि सांगितलं की माझं चुकलं. धक्का आला की पळायचं, बाहेर, मोकळ्यावर. मोजायचं नाही.

बारकीने विचारलं, "मग हायकू कधी करायचा?"

"बाहेर आल्यावर."

"बाहेर आल्यावर कशाला? तवा भीती कुठं असते?"

 मग मी सराव घेतला. पोरांना आत पाठवायचं, मी पत्र्याचा डबा बडवायचा, त्यांनी पळत अंगणापलीकडच्या चिंचेखाली यायचं. दोन-चार वेळा चुकली, मग जमलं. बारकी तर सगळ्यांच्या पुढे. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते.

जिवली मात्र डबा वाजला की खाली बसायची. तिला उचलून चिंचेखाली नेलं, दाखवलं, हे बघ, इथे यायचं. ती मान हलवायची. पुन्हा डबा वाजवला की भिंतीपाशी बसून, माझ्याकडे बघून, शहाण्यासारखी अंगठा पेरावर ठेवायची. आपलं बरोबर आहे ना, अशी हसायची.

दिवस मावळेपर्यंत मी डबा वाजवत होते. ती प्रत्येक वेळी बसली.